करंगळी

"नंदा, करंगळी खाली."

अण्णांचे डोळे मिटलेलेच होते. भिंतीला पाठ टेकून ते बसले होते, मांडीवर त्यांची ती लांबलचक बासरी आडवी. माझ्या उजव्या हाताची करंगळी बासरीखालून निसटून वर आली की त्यांना ते न बघताच कळायचं. मी करंगळी पुन्हा खाली दडपली. ती दडपताच शेजारचं बोट सहाव्या छिद्रावरून केसभर सरकलं, फटीतून हवा गेली आणि पंचमाच्या जागी काहीतरी चिरकलं.

"पुन्हा," अण्णा म्हणाले.

ही एकोणनव्वद सालची गोष्ट. सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या खडखडाटात अण्णांचं दोन खोल्यांचं घर होतं. अंबादास येमूल हे त्यांचं नाव, पण शिष्य त्यांना अण्णाच म्हणत. शाळेत संगीतशिक्षक म्हणून नोकरी केली, निवृत्त झाले. बासरी मात्र अशी वाजवायचे की लांबलांबचे लोक ऐकायला येत. आठवड्यातून एक दिवस आजूबाजूचे माग बंद असत. त्या दिवशी सकाळी आमची शिकवणी असायची.

मी तेव्हा पाटबंधारे खात्यात टायपिस्ट होते. लग्न झालेलं, मूल नव्हतं अजून. माझे हात आईच्या वळणावर गेलेले, लहानखुरे. आजही मला दोन-दोन मापाची बांगडी लागते. पहिल्याच दिवशी अण्णांनी माझा तळवा स्वतःच्या तळव्याला लावून बघितला होता आणि फळीवरून एक आखूड बासरी काढून दिली होती. वर्षभर मी ती वाजवली. मग एक दिवस ती त्यांच्यासमोर ठेवून म्हटलं, "अण्णा, हिचा आवाज कानात ऐकू येतो. तुमचीचा छातीत येतो. मला ती शिकायचीय."

"बोटं पोचणार नाहीत."

"पोचवीन."

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "बघ की मग," एवढंच म्हणून त्यांनी फळीवरची एक मोठी बासरी माझ्यापुढे ठेवली. तेव्हापासून माझे हाल सुरू झाले.

मोठ्या बासरीचं दुखणं असं, की खालचा हात ज्या तीन छिद्रांवर ठेवायचा ती एकमेकांपासून फार लांब असतात. पहिलं बोट बसलं की दुसरं ताणायचं, दुसरं बसलं की तिसरं. तिसरं, म्हणजे अनामिका, सहाव्या छिद्राला टेकेपर्यंत पहिलं उचललं जायचं. त्यात आमच्या अण्णांची पद्धत अशी की करंगळी बासरीच्या खाली, आतल्या अंगाला दुमडून ठेवायची. तिचा बासरीला टेकू द्यायचा. अण्णा तशीच ठेवायचे. त्यांचे सगळे शिष्य तशीच ठेवायचे. माझ्या आखूड हाताला ते जमतच नव्हतं.

सहाच्या पुढे, बासरीच्या टोकाकडे आणखी एक छिद्र असतं. सातवं. बासरी बनवणारे ते ठेवतातच. करंगळीनं ते झाकलं तर पंचमाच्या खालचा तीव्र मध्यम मिळतो. पण आम्ही ते कधी झाकत नसू. आमच्याकडे पंचम हा शेवटचा. आलाप करत करत खाली आलं की पंचमावर थांबायचं, तिथे पुरेसा वेळ राहायचं आणि वर वळायचं. पुरियासारखा राग, ज्याला त्याच्याही खाली उतरावं लागतं, तो अण्णा वाजवतच नसत.

याची सगळी मीमांसा मला मंठाळकर सरांनी समजावली होती. चंद्रशेखर मंठाळकर हे अण्णांचे सगळ्यात जुने शिष्य. हायस्कुलात गणित शिकवायचे. पन्नाशी ओलांडलेले, उंच, पांढरा शर्ट नेहमी कडक इस्त्रीचा. वीस वर्षं ते अण्णांकडे येत होते, आणि अण्णांच्या वादनावर ते बोलायला लागले की ऐकत राहावंसं वाटे.

"बिराजदारबाई," त्या दिवशीही शिकवणी संपल्यावर ते मला म्हणाले, "पंचम ही आपली जमीन आहे. इतर लोक खणत बसतात. अण्णा जमिनीवर उभे राहतात. सूर हाताशी असून तो न घेणं, याला ताकद लागते." मग त्यांनी स्वतःचा उजवा हात पुढे केला. करंगळी पेरांमध्ये किंचित आत वळलेली होती. "अण्णांची बघितलीत ना, कशी वाकलीय? चाळीस वर्षं टेकू देऊन देऊन. साधनेची खूण आहे ती. माझीही आता वळायला लागलीय."

ते हे सांगत होते तेव्हा अण्णा बासरी कापडात गुंडाळत होते. गाठ मारताना त्यांचा हात क्षणभर थांबलेला मी पाहिला.

घरी मी नाही नाही ते उपाय केले. बोटांना तीळतेल चोळलं. रात्री बोटांच्या बेचक्यांत पेन्सिली अडकवून झोपले. सकाळी हात असा आखडला की कुकरचं झाकण लागेना. आमचे हे म्हणाले, "ऑफिसात टाइप करण्यापुरती तरी बोटं शिल्लक ठेव."

आणि उत्तर सापडलं ते टाइप करतानाच.

मराठी टंकयंत्रावर शिफ्टची कळ सारखी लागते, आणि जुन्या यंत्रावर ती कळ दाबायची म्हणजे वरची अख्खी गाडी उचलायची. ते काम करंगळीचं. एका दुपारी साहेबांचं लांबलचक टिपण टाइप करताना माझं लक्ष स्वतःच्या उजव्या हाताकडे गेलं. मी हात ताणत नव्हते. करंगळी आधी लांब जाऊन कळेवर बसत होती आणि बाकीचा हात तिच्यामागून सैल जात होता. मनगट खाली, अंगठा मोकळा.

संध्याकाळी घरी आल्यावर पर्स खुंटीला लावली आणि बासरी काढली. या वेळी पहिल्या बोटापासून सुरुवात केलीच नाही. अनामिका आधी ठेवली, सगळ्यात लांबच्या छिद्रावर, टोकानं नाही, मधल्या पेराच्या गादीनं, आडवी. मग मधलं बोट मागे आणलं, मग पहिलं. लांबून जवळ यायचं. हात उघडलेलाच होता, नुसता टेकवायचा होता. फुंकर घातली आणि भरलेला, न गळणारा पंचम आला.

मी इतकी खूश झाले की करंगळीची आठवणच राहिली नाही. ती वरच होती, हवेत. दम संपत आला तशी ती शिफ्ट दाबायच्या सवयीनं खाली पडली, नेमकी सातव्या छिद्रावर.

सूर आणखी खाली गेला. मांडणीवरची एक स्टीलची ताटली बारीक थरथरली. मी बासरी तोंडापासून दूर केली, पुन्हा लावली, पुन्हा करंगळी टाकली. ताटली पुन्हा थरथरली. आतून हे म्हणाले, "काय गं, कुणाची गाडी आली का?"

त्यानंतर रोज संध्याकाळी मी तो सूर घ्यायला लागले. लहानपणी गाण्याच्या बाईंनी पुरियाची एक चीज शिकवली होती, तिचा माग काढत काढत खाली उतरायची. अण्णांना हे चालणार नाही हे मला कळत होतं. त्यांच्यासमोर मी करंगळी जमेल तशी खाली ठेवायची. पण बोटांना एकदा वाट सापडली की ती आपल्याला विचारत नाहीत.

मे महिना होता. सकाळी नऊ वाजताच भिंती तापलेल्या. अण्णांनी यमन काढायला सांगितला. पलीकडे मंठाळकर सर बसले होते. मी निषादावरून धैवतावर आले, धैवतावरून पंचमावर. पंचम छान लागला. अण्णांची मान हलली. त्या मान हलण्यानं मी सैल झाले असेन, कारण पुढे जे झालं ते मी ठरवलं नव्हतं. करंगळी गेली. खोलीत तो खालचा तीव्र मध्यम उभा राहिला, आणि मी तो तोडलाही नाही. दम संपेपर्यंत धरला.

अण्णांनी डोळे उघडले. ते माझ्या तोंडाकडे नाही, हाताकडे बघत होते.

"बिराजदारबाई!" मंठाळकर सर म्हणाले.

अण्णांनी आपली बासरी उचलली. कापडात गुंडाळली. एक हात भिंतीला टेकवून उठले आणि आतल्या खोलीत निघून गेले. थोड्या वेळानं त्यांच्या पत्नी, आम्ही त्यांना अक्का म्हणायचो, दारात आल्या. "आज जावा तुम्ही," त्या हळूच म्हणाल्या. "त्यांना बरं नाही."

बाहेर गल्लीत मंठाळकर सर माझ्यावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर परवडलं असतं. "त्यांनी जे आयुष्यभर सोडलं," ते म्हणाले, "ते तुम्ही त्यांच्याच घरात, त्यांच्यासमोर वाजवून दाखवलंत. का?" ते सायकलवर बसून निघून गेले.

पुढच्या शिकवणीला मी गेले नाही. त्याच्या पुढच्या शिकवणीलाही नाही. आपलं शिकणं संपलं असं मी स्वतःला समजावत होते. मग एका सुट्टीच्या दुपारी दार वाजलं. अक्का उभ्या होत्या, हातात भाजीची पिशवी, चेहरा उन्हानं लाल. माझ्या घरी त्या कधी आलेल्या नव्हत्या. मी पाणी दिलं. तांब्या रिकामा करून त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"त्या दिवसापासून बासरी काढली नाही त्यांनी," त्या म्हणाल्या. "दोन घास खातात आणि उठतात."

"माझ्यावर फार रागावलेत का, अक्का?"

"राग मला ओळखू येतो गं. हा राग नाही. चल तू. बासरी घे तुझी."

अण्णा आतल्या खोलीत खाटेवर बसले होते. मी पायाशी वाकले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "वाजव."

"काय वाजवू?"

"त्या दिवशी वाजवलंस ते."

मी वाजवलं. त्यांनी हातानं थांबायची खूण केली. "असाच राहू दे हात. हलवू नको." ते खाली वाकले, माझ्या बोटांपाशी चेहरा आणून बघत राहिले. "आधी कुठलं ठेवलंस?"

"लांबचं. अनामिका. मग बाकीची मागे आणली."

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही, अण्णा. ऑफिसात टाइप करताना लक्षात आलं."

ते हसले. मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मग त्यांनी स्वतःचा उजवा हात माझ्यापुढे धरला. "ही करंगळी सरळ कर."

मला वाटलं ते परीक्षा घेतायत. मी दोन बोटांनी त्यांची करंगळी धरली आणि हलकेच उघडायला गेले. उघडेना. आणखी थोडा जोर लावला. दोन्ही पेरं वाळक्या फांदीसारखी घट्ट. आतल्या बाजूला, दुमडलेल्या कातडीत, एक पांढरा वण होता. इतकी वर्षं तो कुणाला दिसला नव्हता, कारण बोट कधी उघडलंच नव्हतं.

"टेकू देऊन वाकली नाही ती," अण्णा म्हणाले. "काकाच्या कारखान्यात मागाच्या पट्ट्यात सापडली. लग्नाला वर्ष झालं होतं. हैदराबादला गुरूंकडे शिकून आलो होतो. खालचे सगळे सूर यायचे. पुरिया तर असा यायचा..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "बोट तेवढं मुळाशी हलतं. पेरं मेली. वरती ठेवलं तर कशात तरी अडकायचं, म्हणून बासरीखाली घातलं."

"मग पंचमावर थांबायचं ते..."

"खाली जाताच येत नव्हतं की. थांबणार नाही तर काय करणार?" त्यांनी हात मांडीवर ठेवला. "पुढे एका मैफलीत एक मोठे गवई भेटले. माझा हात हातात घेऊन म्हणाले, काय संयम आहे तुमचा, पंचमाखाली पाऊल टाकत नाही. चार लोक ऐकत होते. मी त्यांना सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. मग लोक तेच म्हणायला लागले. मग शिष्य आले, ते तसंच वाजवायला लागले. करंगळीसुद्धा माझ्यासारखी ठेवायला लागले. आणि पुढे मीच शिकवायला लागलो, करंगळी खाली."

अक्का दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. हे सगळं त्यांना ठाऊक होतं हे त्यांच्याकडे बघून कळत होतं.

सांत्वन करण्याइतकी मी मोठी नव्हते. मी त्यांचा हात पुन्हा पुढे ओढला आणि त्यांच्या बासरीवर ठेवला, नेहमीसारखा. करंगळी सवयीनं खाली गेली, बांबूच्या पोटाला टेकली.

"मुळाशी हलते म्हणालात ना? दाबून बघा. आता सोडा."

बोट बांबूपासून सुटलं, पुन्हा टेकलं.

"अण्णा, बोट वर जात नाही तर छिद्र खाली आणू. वरचं बुजवू आणि इथे, बोट टेकतंय तिथे पाडू."

त्यांनी बासरी उलटीपालटी करून बघितली. "हा बांबू जुना आहे," शेवटी म्हणाले. "सळई लागली की तडकेल कदाचित."

"मग माझ्या बासरीवर करून बघा."

"नको. तुझी तुला पाहिजे."

त्यांनी अक्कांकडे पाहिलं. अक्का वळल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला.

बासरीला छिद्रं तापल्या सळईनं पाडतात. अण्णांना ते येत होतं. आमच्या बासऱ्या तेच दुरुस्त करायचे. त्यांनी दोरा घेतला, सातव्या छिद्राचं अंतर मोजलं आणि तो दोरा फिरवून पोटाकडच्या बाजूला खूण केली. थोडी सरकवली, करंगळी ठेवून बघितली, पुन्हा सरकवली. अक्कांनी बासरी दोन्ही हातांनी घट्ट धरली. सळई लालबुंद झाली तेव्हा अण्णांनी ती बांबूजवळ आणली. ते थांबले.

"टेकवा हो," अक्का म्हणाल्या. "फुटली तर फुटली."

जळक्या बांबूचा धूर नाकात गेला. सळई आत शिरली, बाहेर आली, पुन्हा तापली. मी श्वास धरून बांबूवर तडा शोधत होते. तडा गेला नाही. कानसीनं कडा घासल्या, वरच्या छिद्रात मेण भरलं आणि अण्णांनी बासरी ओठांना लावली.

पहिल्यांदा नुसती हवा आली. दुसऱ्यांदा पंचम लागला, पण करंगळी दाबताच बाकीची बोटं उठली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मनगट सैल," मी म्हटलं. माझ्या तोंडून ते निघून गेलं. "घट्ट नका धरू. बासरी पडत नाही."

तिसऱ्यांदा सूर उतरला. मी घरी काढायचे तसा नव्हता तो. गोल, जाड, सगळ्या घरभर. अण्णा तिथे थांबले नाहीत. तीव्र मध्यमावरून धैवताला गेले, निषादाला, मग कोमल ऋषभाला स्पर्श करून षड्जावर आले. पुरिया होता तो. अक्का पाठ फिरवून स्टोव्ह पुसत होत्या. पुसून झालेला स्टोव्ह त्या पुसतच राहिल्या.

गुरुपौर्णिमेला दरवर्षी एका शाळेच्या सभागृहात अण्णांचं वादन असे. संध्याकाळी शंभरेक माणसं जमायची. आधी मंठाळकर सर प्रास्ताविक करायचे. त्या वर्षीही ते उभे राहिले आणि पंचमाच्या मर्यादेवर सुंदर बोलले. मी मागच्या तानपुऱ्यावर होते. मला त्यांच्याकडे बघवेना. हे आधीच त्यांना सांगा असं मी अण्णांना विनवलं होतं. "वाजवून सांगतो," असं ते म्हणाले होते. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं.

अण्णांनी पुरिया सुरू केला. जाणकार मंडळींनी एकमेकांकडे बघितलं. खालचा तीव्र मध्यम आला तेव्हा पुढच्या रांगेतले एक वृद्ध गृहस्थ खुर्चीतून अर्धे उठले. वादन संपलं, टाळ्या झाल्या. मंठाळकर सर एका बाजूच्या खुर्चीवर होते. त्यांचे हात मांडीवर तसेच होते.

अण्णांनी माईक जवळ ओढला. ते भाषण करणारे नव्हते. "मंठाळकर जे बोलले ते फार चांगलं होतं," ते म्हणाले. "तसा मी असतो तर बरं झालं असतं. मला खाली जाता येत नव्हतं." आणि त्यांनी हात वर करून सगळ्यांना करंगळी दाखवली, कशी झाली ते सांगितलं.

मंठाळकर सर उठून उभे राहिले. माईक नसतानाही त्यांचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"मग माझी करंगळी वीस वर्षं खाली कशाला होती, अण्णा?"

सर थोडा वेळ थांबले, खरोखर उत्तराची वाट बघत. मग खुर्च्यांमधून वाट काढत बाहेर गेले. त्यांची बासरी त्यांच्या जागेवरच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघायच्या तयारीत असताना रिक्षा थांबली. आत अण्णा होते, मांडीवर मंठाळकर सरांची बासरी. "त्यांचं घर माहितीये तुला?" त्यांनी विचारलं. वीस वर्षांत ते शिष्याच्या घरी गेले नव्हते; शिष्यच यायचे.

जिना चढताना ते दोनदा थांबले. मंठाळकर वहिनींनी दार उघडलं आणि अण्णांना बघून गडबडून पदर सावरला. सर खिडकीपाशी बसले होते. दाढी केलेली नव्हती. ते उभे राहिले, पण नमस्काराला पुढे आले नाहीत.

"आता काय शिकवायचं राहिलंय, अण्णा?"

"ते राहिलंय," अण्णा म्हणाले. "मी शिकवलं नाही ते. मला नीट येतही नाही. हिला येतं, म्हणून हिला आणलंय."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. गणिताच्या शिक्षकाकडे चुकलेलं उत्तर घेऊन जावं तशी मी उभी होते.

"माझं वय बावन्न आहे," ते म्हणाले.

"माझं बासष्ट," अण्णा म्हणाले आणि सतरंजीवर बसले.

वहिनी आतबाहेर करत होत्या. शेवटी सर खाली बसले, अण्णांपासून थोडे लांब. मी त्यांच्या हातात बासरी दिली. "सर, आधी लांबचं बोट," मी म्हटलं. त्यांनी निमूट अनामिका ठेवली. मग मधलं, मग पहिलं. त्यांचे हात मोठे. सहाही छिद्रं सहज झाकली गेली. करंगळी मात्र आपोआप बासरीखाली गेली. त्यांनी ती वर काढली. ती सातव्या छिद्राकडे जाईना. वाटेतच आत वळत होती. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, आणि पुन्हा, आणि मग बासरी खाली ठेवून ते बोटाकडे बघत राहिले. त्याच बोटाचं त्यांनी मला कौतुक सांगितलं होतं.

त्यांना तो सूर लागायला दिवाळी उजाडली, आणि लागला तोही कधी लागायचा, कधी नाही. आमच्यापैकी काही शिष्यांनी शेवटपर्यंत पंचम सोडला नाही. ते म्हणायचे, कारण काहीही असो, त्या थांबण्यात गोडी होती. अण्णा त्यांच्याशी कधी वाद घालत नसत. ते गेले तोवर दोन्ही तऱ्हेनं वाजवणारे लोक त्यांच्या घरी येत होते.

पण त्या सकाळी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. अण्णा सरकून सरांच्या जवळ आले. "वहिनी," त्यांनी आत बघून हाक मारली, "थोडं खोबरेल द्या. कोमट करून."

वाटी आली. अण्णांनी त्यात दोन बोटं बुडवली आणि मंठाळकर सरांचा उजवा हात स्वतःच्या मांडीवर घेतला. सर अवघडले. "अण्णा, नको. मी लावतो," म्हणत हात मागे घेऊ लागले. अण्णांनी तो सोडला नाही. मान खाली घालून, एकेका पेराला तेल चोळत, ते ती करंगळी हळूहळू सरळ करू लागले.